मोझॅक टेबलाचे तुकडे दर पावसाळ्यात सुटतात? आधी टेबल उलटं करून बघा

तक्रार ठरलेली असते. दिवाळीनंतर हौसेने केलेलं, प्लायवर टाइलचे लहान तुकडे चिकटवलेलं मोझॅक टेबल मार्चपर्यंत छान राहतं. मे महिन्यात मधल्या भागातल्या ग्राउटला, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरणाऱ्या मसाल्याला, केसासारखी चीर दिसते. जुलैत झड लागली की कोपऱ्यातला एखादा तुकडा बोटाखाली हलायला लागतो, आणि पोळ्यापर्यंत तो हातात येतो. मग झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकून तुकडा परत बसवायचा, चिरेत नवीन ग्राउट भरायचं. पुढच्या मेमध्ये तीच चीर, दोन बोटं बाजूला.

दोष ग्राउटला आणि टाइलला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो टेबलाच्या खालच्या, कुणी न पाहिलेल्या बाजूला असतो. म्हणून पहिलं काम: टेबल उलटं करा. खाली प्लाय कोराच दिसला, रंग नाही, वॉर्निश नाही, तर निम्मं निदान झालं.

कारण असं. वरच्या बाजूला टाइल, अॅडेसिव्ह (टाइल चिकटवायचा सिमेंटचा मसाला), ग्राउट यांचं झाकण बसलेलं असतं, त्यामुळे प्लायची वरची बाजू हवेतली ओल फार हळू घेते आणि सोडते. खालची बाजू उघडी असते. मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी होते की खालची बाजू आधी सुकते, आकसते, आणि टेबलाच्या कडा खाली झुकतात. टेबल उपड्या परातीसारखं होतं. वरचं ग्राउट ताणलं जातं आणि फाटतं. पावसाळ्यात उलट घडतं. खालची बाजू ओल पिऊन फुगते, कडा वर येतात, परात सुलटी होते. आता वरचे तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि ज्याची पकड सगळ्यात कच्ची तो उचलला जातो. चीर उन्हाळ्यात आणि तुकडा पावसाळ्यात, हा क्रम योगायोग नाही.

आपल्याकडे हा फरक जरा जास्तच आहे. 2013 च्या मेमध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि तसा विक्रम नसला तरी 44-45 अंश नेहमीचेच. दीड-दोन महिन्यांत त्याच खोलीत मीठ ओलं होऊ लागतं. त्यात कूलर. ज्या टेबलावर किंवा टेबलाखालून कूलरचा झोत जातो, त्याचा पावसाळा एप्रिलमध्येच सुरू होतो. टेबल कूलरच्या थेट समोर असेल तर बाकी काही करण्याआधी त्याची जागा बदला.

लांब सपाट पट्टी किंवा मिस्त्रीची लेव्हल घ्या आणि टेबलावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसतो का बघा. दोन फुटांच्या टेबलात पट्टी आणि टाइल यांच्यात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर पाटा, म्हणजे टाइलखालचा प्लाय, वाकला आहे. त्यावर कितीही ग्राउट भरा, ते पुन्हा जाणार. नंतर दुसऱ्या कुणाला मध्यभागी तळहाताने जोर द्यायला सांगा. पट्टीखालची फट दाबताना वाढली तर पाटा पातळ आहे किंवा खाली आधार कमी आहे. हा वेगळा आजार आहे, औषधही वेगळं.

आता ठोकून ऐका. रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक तुकड्यावर टिचकीसारखं वाजवा. पक्क्या तुकड्याचा आवाज बारीक, टणक येतो, सुटलेल्याचा बद्द. बद्द वाजणाऱ्या तुकड्यांवर खडूने फुली मारत चला. फुल्या एकाच कोपऱ्यात असतील तर तिथे पाणी शिरतंय किंवा तिथला अॅडेसिव्ह वाळून गेला होता. सगळ्या टेबलभर विखुरलेल्या असतील तर पाटा हलतोय. एकूण तुकड्यांपैकी पाचवा हिस्सा जरी बद्द वाजला तरी डागडुजीच्या भानगडीत पडू नका, टेबल नव्याने करा. वाचलेले तुकडेही पुढच्या वर्षी त्याच वाटेने जातील.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी जवळजवळ कुणीच करत नाही: सुटलेल्या तुकड्याची पाठ आणि तो निघाला ती जागा, दोन्ही उजेडात धरून बघणं. तुकडा फेकून देऊ नका, तोच साक्षीदार आहे.

तुकड्याची पाठ स्वच्छ, आणि पाट्यावर अॅडेसिव्हच्या रेघा जशाच्या तशा उभ्या, चपट्या न झालेल्या दिसल्या, तर अॅडेसिव्हवर साय धरली होती. दुधावर धरते तशीच. वरून ओला दिसतो, पण बोट लावलं तर बोटाला लागत नाही. अशा अॅडेसिव्हवर तुकडा नुसता टेकतो, चिकटत नाही. अॅडेसिव्ह पसरल्यावर तुकडा बसवायला पिशवीवर वीस मिनिटांची मुदत लिहिलेली असते ती सौम्य हवेची. मेमध्ये पंखा लावून किंवा गच्चीवरच्या गरम वाऱ्यात काम केलं तर पाच-सात मिनिटांत साय येते. पाठीवर पांढरी भुकटी असेल तर मात्र कापलेल्या टाइलची धूळ न पुसता तुकडा बसवला होता.

उलट दृश्य म्हणजे अॅडेसिव्ह सगळा तुकड्याबरोबर आला आणि पाटा चकचकीत राहिला. जुन्या सनमायकाच्या टेबलावर सरळ टाइल लावली की हेच होतं. तेलरंग, वॉर्निश, भिंतीची पुट्टी यांच्यावरही तेच. सनमायका खरवडून काढावाच लागतो. नुसता पॉलिश पेपर मारून काही होत नाही.

अॅडेसिव्ह दोन्हीकडे आहे, पण नखाने खरवडला की वाळूसारखा गळतो? मग एकतर पाणी जास्त झालं, किंवा घट्ट होत आलेल्या मिश्रणात परत पाणी घालून ते सैल केलं, किंवा पिशवी मागच्या पावसाळ्यातली होती. पिशवीत गाठी झाल्या असतील तर चाळून वापरण्याचा मोह टाळा.

चिकट, पांढरट, रबरासारखा थर दिसला आणि ओल्या कापडाने तो मऊ पडला, तर तो लाकडाचा साधा पांढरा गोंद आहे. लोक घरात असतो म्हणून वापरतात. दोन लाकडं जोडायला तो उत्तम आहे, पण लाकूड जसं गोंदातलं पाणी शोषून घेतं तसं चकचकीत टाइल शोषत नाही, आणि ग्राउटमधून ओल झिरपली की हा गोंद पुन्हा मऊ होतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची गोष्ट उलटी. तो कडक पण ठिसूळ असतो, पोकळी भरत नाही, आणि पाटा जरा हलला की काचेसारखा तुटतो.

आणि तुकड्याबरोबर प्लायची पापुद्र्यासारखी वरची साल निघून आली तर अॅडेसिव्हला शाबासकी द्या, प्लाय बदला.

डागडुजी कधी करायची, यालाही मुहूर्त आहे. ऑगस्टमध्ये करू नका. ओल्या प्लायला खालून रंग लावला तर ओल आत कोंडली जाते. मेमध्ये केलं तर लाकूड हाडासारखं कोरडं असतं आणि पुढे फुगणारच. ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. लाकडातली ओल मधल्या पातळीवर असते. टेबल आठ-दहा दिवस उलटं ठेवून, पंख्याच्या वाऱ्यात पण उन्हात नाही, खालची बाजू सुकू द्या.

पाटा सरळ असेल आणि दोन-चारच तुकडे गेले असतील तर काम एका दिवसाचं आहे. सुटलेल्या तुकड्याभोवतीचं ग्राउट हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडून काढा. ब्लेडच्या एका टोकाला जाड चिकटपट्टी गुंडाळली की मूठ होते. ग्राइंडर लावू नका. एक तुकडा काढताना शेजारचे चार उचकटतात. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर चांगला मास्क हवाच, कारण उडणारी धूळ सिमेंटची आणि सिलिकाची असते. खालचा जुना अॅडेसिव्ह पटाशीने पूर्ण काढा, नाहीतर नवा तुकडा शेजाऱ्यांपेक्षा वर बसेल आणि चहाचा कप त्यावर कायम डुगडुगेल. जागा झटका, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. नवा अॅडेसिव्ह जागेवर आणि तुकड्याच्या पाठीवर, दोन्हीकडे लावा. चोवीस तासांनी ग्राउट. आणि मग ज्यासाठी हे सगळं चाललं आहे ते: खालची बाजू आणि चारही कडा यांना प्राइमरचा एक आणि तेलरंगाचे दोन हात. स्क्रूची भोकंही सोडू नका. हे न करता वरचं सगळं केलं तर पुढच्या पोळ्याला पुन्हा भेटू.

पाटा वाकलाच असेल तर नव्याने करावा लागतो. दोन फूट बाय दोन फुटांच्या बैठ्या टेबलाचा हिशोब धरू.

पाट्यासाठी 19 मिलिमीटरचा, आयएस 710 (भारतीय मानक) छाप असलेला, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, प्लाय आयएस 303 चा असतो. तो कपाटाच्या आत ठीक, ओल्या फडक्याने रोज पुसल्या जाणाऱ्या टेबलाला नाही. चार चौरस फुटांसाठी आख्खी आठ बाय चारची शीट घेण्यात अर्थ नाही. नागपुरात लकडगंजच्या प्लायवाल्यांकडे कटपीस मागून बघा, फक्त छाप त्या तुकड्यावरच असला पाहिजे, दुकानदाराच्या तोंडी नको. बल्लारशाच्या सागवानाची जुनी फळी घरात पडून आहे म्हणून ती वापरू नका. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतो हे खरं, पण सलग फळी आडव्या अंगाने फुगतेच. दोन फूट रुंदीला उन्हाळा ते पावसाळा चार-पाच मिलिमीटर सहज. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यामुळे हाच फरक एक मिलिमीटरच्या आतबाहेर राहतो. सागवानाची फळी पायांना आणि कडेच्या पट्टीला लावा.

प्लाय कापल्यावर, काही लावायच्या आधी, त्याच्या सहाही बाजूंना प्राइमर द्या. वरून 8 मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड. टाइलला हवा असतो तो न हलणारा, सिमेंटसारखा पृष्ठभाग, आणि तो प्लाय देऊ शकत नाही. बोर्डखाली अॅडेसिव्हचा पातळ थर पसरा आणि 25 मिलिमीटर लांबीच्या, गंज न धरणाऱ्या स्क्रूंनी दर सहा इंचांवर आवळा. स्क्रूची डोकी बोर्डाच्या पातळीच्या जरा खाली गेली पाहिजेत. स्क्रू लांब घेतला तर खालून टोक बाहेर येतं. 8 आणि 19 मिळून 27, तेव्हा 25 च्या पुढे जाऊ नका. पायांच्या मधलं अंतर दीड फुटापेक्षा जास्त असेल तर प्लायखाली 25 बाय 25 चा लोखंडी अँगल मध्यभागी आडवा द्या, आणि त्यातली स्क्रूची भोकं गोल न ठेवता लांबट करून घ्या. प्लायला सरकायला जागा मिळते, वाकायला मिळत नाही. हे वेल्डिंगवाल्याला आधीच सांगायला हवं, नंतर तो करत नाही.

सगळं मिळून टेबलाचा माथा सोळा-सतरा किलोंचा होतो. पाय ठरवताना हे वजन विसरलं जातं.

दुकानात नुसतं 'मोझॅक टाइल' मागितलंत तर जुना दुकानदार संगमरवराचे दाणे घातलेल्या सिमेंटच्या फरश्या दाखवेल, जुन्या घरांत होत्या तशा. 'ग्लास मोझॅकची शीट' किंवा गच्चीवर लावतात ते 'चायना मोझॅकचे तुकडे' असं नेमकं सांगा. जाळीवरच्या शीट घेतल्यात तर एक पालथी करून जाळीच्या गोंदाचा थर बघा. गोंदाने पाठ निम्म्याहून जास्त झाकलेली असेल तर तुकडा अॅडेसिव्हला चिकटणारच नाही, तो जाळीच्या गोंदाला लटकून राहील. आणि व्हिट्रिफाइड टाइल फोडून वापरणार असाल तर व्हाइट सिमेंटवर लावू नका. ती जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, सिमेंटला धरायला काही सापडत नाही. भिंतीच्या सिरॅमिक टाइलचं तसं नाही, ती पाणी पिते.

अॅडेसिव्ह पॉलिमर असलेला हवा, पिशवीवर सी2 (जास्त पकडीचा) आणि शक्य तर एस1 लिहिलेला. एस1 म्हणजे वाळल्यावरही थोडा लवतो. काचेच्या तुकड्यांना पांढराच घ्या, करडा खालून दिसतो आणि निळी काच मळकी वाटते. या टेबलाला अडीच ते तीन किलो पुरतो. पाणी किलोला साधारण पाव लिटर, पण पिशवीवरचं प्रमाण शेवटचं, आणि ते मापानेच घाला. बोअरच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पिण्याचं पाणी वापरा. नाहीतर पुढे ग्राउटवर पांढरे क्षार येऊन बसतात. मिश्रण घट्ट श्रीखंडासारखं झालं की दहा मिनिटं ठेवा आणि पाणी न घालता पुन्हा ढवळा.

एका वेळी एक वीतभर जागेवरच पसरा. छोट्या तुकड्यांना 3-4 मिलिमीटर दात्यांची थापी हवी. नसेल तर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेला कात्रीने खाचा पाडा, चालतं. दर चार-पाच मिनिटांनी बोट टेकवून बघा. बोटाला लागला नाही की खरवडून काढा आणि नवा लावा, वरून पाण्याचा हात फिरवून त्याला जिवंत करू नका. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी सहा ते नऊ, बंद खोलीत, पंखा बंद करून. कूलरच्या खोलीतही चालेल, झोत अंगावर घ्या, टेबलावर नको. पाच-सहा तुकडे झाले की एक उचलून पाठ बघा. नव्वद टक्के पाठ अॅडेसिव्हने माखलेली असली पाहिजे.

कडेच्या पट्टीजवळ 3 मिलिमीटर फट सोडायची आणि ती ग्राउटने भरायची नाही. चारही बाजूंना, सगळीकडे. पट्टी लाकडाची असो, लोखंडाची असो की अॅल्युमिनियमची, ती टाइलच्या चालीने हलत नाही. मध्ये कडक ग्राउट असलं तर तिथे चीर हमखास. त्या फटीत ग्राउटच्या रंगाचं सिलिकॉन भरा. कडेची चीर दरवर्षी येते अशा कितीतरी टेबलांना फक्त एवढंच नडत असतं.

ग्राउट चोवीस तासांनी, उन्हाळा असो वा थंडी. फटी तीन मिलिमीटरपर्यंत असतील तर बिनवाळूचं, त्याहून रुंद असतील तर वाळूचं. रुंद फटीत बिनवाळूचं भरलं तर ते आकसून तडकतं. एक किलोचं पाकीट या टेबलाला होतं. तुकडे वेडेवाकडे आणि फटी मोठ्या असतील तर दीड किलो धरा. रबरी पट्टीने फटींना तिरकं ओढत दाबून भरा. वीस-पंचवीस मिनिटांनी पिळून कोरड्या केलेल्या स्पंजने पुसा. स्पंजातून पाणी ठिबकत असेल तर रंग धुऊन निघतो आणि ग्राउट पांढरट, भुसभुशीत होतं. नंतर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा, वरून प्लास्टिक. सात दिवस टेबल उन्हात नेऊ नका.

ग्राउट जागेवर आहे, चीर नाही, पण खडबडीत होऊन खड्डे पडत चालले आहेत, अशी तक्रार असेल तर वाकलेला पाटा शोधू नका. ते संत्रं आहे. संत्र्याच्या, लिंबाच्या रसातलं सायट्रिक आम्ल सिमेंटचं ग्राउट खातं, संगमरवराचे तुकडेही खातं, आणि रस सांडून तासभर राहिला तरी डाग उमटतो. बाथरूमचं अॅसिड त्याहून वाईट. खाण्यापिण्याच्या टेबलाला म्हणूनच इपॉक्सी ग्राउट घ्यावं. त्याचे राळ, हार्डनर आणि भुकटी असे तीन भाग असतात. अर्धं पाकीट वापरायचं असेल तर तिन्ही भाग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून निम्मे करा. अंदाजाने घेतलं तर काही ठिकाणी ते कधीच कडक होत नाही. पंचवीस अंशांना हाताशी पाऊण तास मिळतो, चाळिशीच्या पुढे त्याच्या निम्माही नाही, तेव्हा भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून काम करा. वाळलेलं इपॉक्सी टाइलवरून निघत नाही, पुसणं तिथल्या तिथे. उघड्या उन्हात ते पिवळं पडतं. आणि वाकणाऱ्या पाट्यावर इपॉक्सीही तडकतंच.

गच्चीवर किंवा अंगणात ठेवायचं टेबल असेल तर प्लाय मुळात वापरू नका. गडद टाइल मेच्या दुपारी साठ अंशांच्या वर सहज जाते, आणि जूनच्या पहिल्या सरीत क्षणात गार होते. तिथे दीड-दोन इंच जाडीचा, जाळी घातलेला सिमेंटचा पाटा ओतून घ्या आणि तो अठ्ठावीस दिवस पक्का होऊ द्या. त्याला दोन फुटांमागे दोन-तीन मिलिमीटर उतार द्या, म्हणजे पाणी फटींवर साचून राहणार नाही. दोन बाय दोन फुटांच्या पाट्याचंच वजन पस्तीस ते पंचेचाळीस किलो भरतं, तेव्हा तो उचलायला दोन माणसं लागतील.